बाळ झाल्यावर दोघं मिळून 'कोल्ड फीट' बघतोय, पुढं बघू का थांबवू?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी, विषय मालिकेचा आहे पण प्रश्न घरचा आहे. माझा एक मित्र कंपनीच्या कामानं दोन वर्षं मँचेस्टरला होता, येताना 'कोल्ड फीट' या ब्रिटिश मालिकेचा डीव्हीडीचा सेट घेऊन आला आणि म्हणाला तुम्ही दोघांनी बघाच. ऐन लग्नाच्या वेळी माणूस कच खातो ना, त्याला इंग्रजीत कोल्ड फीट म्हणतात. मँचेस्टरमधलीच तीन जोडपी आहेत. ॲडम आणि रेचल नव्यानं प्रेमात पडलेले, पीट आणि जेनी आपल्यासारखे बेताच्या पगारातले, डेव्हिड आणि कॅरन पैसेवाले. १९९७ ला एक पायलट भाग आला, मग १९९८ ते २००३ पाच सीझन. लिहिणारा माईक बुलन.

आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. साडेदहाला ती झोपली की आम्ही लॅपटॉप लावतो, बाहेर हॉलमध्ये आई-दादा झोपलेले असतात म्हणून एकच इयरफोन, एक बायकोच्या कानात एक माझ्या. खाली इंग्रजी अक्षरं लावतो कारण ॲडमचं काम करणारा जेम्स नेस्बिट उत्तर आयर्लंडचा, त्याचं बोलणं पटकन कळत नाही. हसू येतं, मधेच एखाद्याच्या मनात काय चाललंय तेच समोर घडताना दाखवतात, ते आम्हाला फार आवडलं.

आता मुद्दा. पीट आणि जेनीला सुरुवातीलाच बाळ होतं आणि मग रात्रीची जागरणं, चिडचिड, एकमेकांवर ओरडणं. आम्ही बघत होतो आणि बायको हळूच म्हणाली, "हे भांडतात पण एकाच खोलीत भांडतात." मी भाग थांबवला. नंतर बराच वेळ झोप आली नाही.

झालं असं की पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात सांगलीला गेली आणि बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यावर आली. मी रविवारी सकाळच्या एसटीनं कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन जायचो, सासरे खुर्ची पुढं करायचे, चहा-पोहे यायचे, बाळ दहा मिनिटं मांडीवर आणि मग कोणीतरी म्हणायचं "द्या इकडं, तुम्हाला सवय नाही". ती परत आली तेव्हा तिला रडण्यावरनं कळायचं भूक आहे का पोट दुखतंय, मला काहीच कळायचं नाही. मला सकाळी सातची शिफ्ट, म्हणून ती मला रात्री उठवतच नाही, आणि मी उठलो तरी "असू द्या, झोपा" म्हणते. हे "असू द्या" मला आता टोचायला लागलंय.

विचारायचं हे की पाचव्या सीझनला काहीतरी वाईट होतं म्हणतात, ते नक्की काय? बायको सध्या लवकर रडवेली होते म्हणून आधी माहिती हवी. आणि मराठीत असं बाळ झाल्यानंतरच्या नवरा-बायकोचं काही आहे का, सासू-सुनेचं कारस्थान सोडून?

---

हळदीचं_पान (सांगली)

दादा, सरळ सांगते, ज्यांना कळून घ्यायचं नाही त्यांनी माझा प्रतिसाद वाचू नका. पाचव्या सीझनमध्ये रेचलचा गाडीच्या अपघातात मृत्यू होतो, आणि ते सुद्धा किती वर्षं मूल होत नव्हतं, टेस्ट ट्यूबचे प्रयत्न झाले, दत्तक घ्यायचं ठरत होतं आणि मग दिवस राहून मुलगा झाला, त्याच्यानंतर. शेवटच्या भागात तिच्या अंत्यसंस्काराला सगळे जमतात. मी आणि मिस्टर दोघंही हमसून रडलो होतो. तेवढे शेवटचे भाग आत्ता लावू नका, बाळ वर्षाचं होऊ द्या. मधले जरूर बघा.

पण मला मालिकेपेक्षा तुमच्या त्या "असू द्या" वर लिहायचंय. माझं पहिलं बाळंतपण पण माहेरीच, इथं विश्रामबागला. आईनं सगळं केलं, शेक, शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू, कशाला कमी नव्हती. आणि तरी मी रोज संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. का ते मला सांगता यायचं नाही. मिस्टर रविवारी यायचे तेव्हा मी केस विंचरून, चांगला गाऊन घालून बसायची, पाहुणा येणार म्हणून. स्वतःचा नवरा आणि पाहुणा! त्यांना मी नळाचं कधीच सांगितलं नाही, आणि ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथं टाके बघितले, बाळाचं वजन केलं, मला कसं वाटतंय ते कोणी विचारलं नाही. पहिले दहा-पंधरा दिवस मन हळवं होतं ते बऱ्याच जणींचं आपोआप निवळतं पण त्यापुढं चालू राहिलं तर तो आजार असतो, त्याला डॉक्टर लागतो, हे मला दुसऱ्या वेळेला मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. तुमची बायको लवकर रडवेली होते असं तुम्ही सहज लिहून गेलात, आठ महिने झालेत दादा, ते सहज घेऊ नका. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली मानस म्हणून १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, कुठल्याही वेळी.

दुसऱ्या वेळेला मी हट्ट केला की मी माहेरी जाणार नाही, आईच इथं माझ्या घरी येऊ दे. लोकांनी नावं ठेवली. पण मिस्टर पहिल्या रात्रीपासून होते, चुकले, दुपटं उलटं बांधलं, आणि शिकले. भांडणं पहिल्यापेक्षा जास्त झाली आणि एकटं वाटलं नाही.

आणि पीटकडं लक्ष ठेवा. दुसऱ्या सीझनला तो घरातनं मन काढून ऑफिसातल्या बाईकडं वळतो तेव्हा मला त्याचा राग राग आला होता. २०१६ ला मालिका परत सुरू झाली त्यात पन्नाशीकडं आलेला पीट डिप्रेशनमध्ये जातो आणि बायकोला सुद्धा सांगत नाही. ते भाग बघून माझे मिस्टर पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. जॉन थॉमसननं ते काम फार जीव लावून केलंय.

---

संगमावरचा (हरिपूर)

कृष्णा-वारणेच्या संगमावर राहतो म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवरा-बायकोच्या संसारावरची कॉमेडी आपल्या भागाला नवी नाही, गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. 'संशयकल्लोळ' मधला फाल्गुनराव आणि कृत्तिका आठवा, एका तसबिरीवरनं केवढा घोळ, आणि ते नाटक सुद्धा मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातं, म्हणजे बाहेरच्या संसाराची गोष्ट आपल्या घरात आणून बसवणं हे देवलांनी तेव्हाच करून दाखवलं. त्यांचीच 'शारदा' १८९९ ची, त्यात तर म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. आपल्याकडं गोष्ट एक तर मंगलाष्टकाला संपते नाही तर बारशाला. मालिकेत डोहाळजेवण आठवडाभर चालतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, आणि बाळ आलं की पाळण्यात गेलं, परत दिसतं ते एकदम शाळेच्या गणवेशात. मधली दोन वर्षं, जिथं खरा संसार घासून निघतो, ती कोणी लिहीतच नाही. रोजची मालिका असल्यावर रोज काहीतरी धक्का द्यावा लागतो, रात्री तीनला दूध कोमट करणारा बाप त्यात कुठं बसवणार. कोल्ड फीटचा पहिला सीझन सहाच भागांचा होता, म्हणून त्यांना थांबून बघता आलं.

त्यातल्या त्यात 'आणि काय हवं' ही वेब मालिका बघा, २०१९ ची, उमेश कामत आणि प्रिया बापट. जुई-साकेतचं पहिलं घर, पहिली गाडी, असे छोटे छोटे प्रसंग आणि दोघांचं बोलणं खरं वाटतं. फक्त त्यात भर दोघांच्याच सहवासावर आहे, बाळंतपणानंतरची जागरणं तुम्हाला तिथं सापडायची नाहीत.

---

फौजीची_मंडळी (सातारा)

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझ्या मालकांनी मुलगा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो साडेचार महिन्यांचा होता आणि त्यांच्या वर्दीकडं बघून किंचाळून रडला होता, ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले, मी आतनं बघत होते, पाठ हलत होती. 'लागिरं झालं जी' आपल्या साताऱ्याकडं शूट झाली तेव्हा आम्ही सगळ्या बायका रोज लावायचो, अज्या-शीतलीचं प्रेम आवडायचंच, पण मला तो ओट्यावरचा माणूस बघायचा होता.

दादा तुम्ही रोज घरी येता. रात्री न विचारता उठा. ती "असू द्या" म्हणेल, तरी पोरगी उचला आणि गच्चीवर घेऊन जा. माझे मालक सुट्टीवर आले की तसंच करायचे, बाळ पहिले तीन दिवस रडलं, चौथ्या दिवशी खांद्यावर झोपलं.

---

कराडचा_किरण

मला सगळ्यांचं पटलं नाही. त्या मालिकेत घरात म्हातारं माणूसच नाही हो, डेव्हिड-कॅरनला रमोना नावाची आया ठेवावी लागते आणि कॅरन परत नोकरीला जायचं म्हणते तर त्यावरनं रामायण. आमच्याकडं माझी आई पहाटे पाचला बाळ घेऊन देवघरात बसायची, जप पण चालू आणि थोपटणं पण चालू, आम्ही दोघं आठपर्यंत मेल्यासारखे झोपायचो. त्या तीन तासांनी आमचा संसार वाचवला असं मी मनापासून म्हणतो. माहेरचं बाळंतपण पण वाईट नाही, बायकोला आईच्या हाताखाली जो आराम मिळतो तो सासरी मिळेलच असं नाही. बापानं रविवारी न येता शुक्रवारी रात्री यावं आणि खुर्चीत न बसता बाळाची दुपटी धुवावीत, एवढा बदल केला तरी पुष्कळ. शाहूपुरीकर, तुमची आई हॉलमध्ये झोपलीय ना, तिच्याशी बोलला का?

---

शाहूपुरीकर (सातारा)

सगळ्यांचे आभार, मनापासून. काल रात्री मालिका लावलीच नाही, तुमचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. हळदीचं पान ताई, तुमचा नळाचा किस्सा वाचला तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसता माझा हात धरला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली की सांगलीला गच्चीवर कपडे वाळत घालताना तिचं पण तसंच व्हायचं, आणि इथं आल्यावर पण होतं, मला माहीतच नव्हतं. गुरुवारी सुट्टी टाकलीय, डॉक्टरांकडं दोघं जाणार आहोत.

किरण, आईशी आज बोललो. ती म्हणाली, "मी कधीची वाट बघत होते कोणी विचारतंय का, सुनेला वाटायला नको मी मधे मधे करते." पहाटे पाच ते सात ती घेणार.

रेचलचं बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली शेवटचे भाग बाजूला ठेवू, बाकीचे बघायचे. दुसऱ्या सीझनचे दोन भाग राहिलेत, आत्ता लावतोय. आज पोरगी उठली तर मी उठणार आहे, म्हणून इयरफोन बायकोच्या दोन्ही कानात दिलाय, मी खालची अक्षरं वाचतोय.