जांभळातले अँटिऑक्सिडंट काढताना तापमान किती धरावं?

परभणीची_फूडटेक:
एमटेकच्या प्रोजेक्टसाठी जांभळाच्या सालीसकट गरातून अँटिऑक्सिडंट काढायले. ७० टक्के इथेनॉल, थोडं सायट्रिक ॲसिड, वॉटर बाथ ४० ते ८० अंश. तापमान वाढवलं की टोटल फिनॉल (अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगं) चढतं, पण ६० च्या पुढं अँथोसायनिन, म्हणजे जांभळा रंग, उतरायलंय. गाईड म्हणतात एकच ऑप्टिमम द्या. कोणतं धरू? मृगाचा पाऊस लागला की फळं फुटतात, नंतर चांगला माल मिळत नाही.

गोदाकाठ:
मिथेनॉल घेऊन बघा, काढा जास्त उतरतो.

बालाघाटी:
मिथेनॉल विषारी आहे. ज्याचं पुढं सरबत किंवा पावडर करायची, त्यात ते नकोच. इथेनॉलच ठेवा, ताई.

तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत. उष्णतेनं साल मऊ पडते, टॅनिन सुटतात, म्हणून फिनॉल चढतं. जांभळा रंग मात्र उष्णतेनं मोडतो. त्यात टोटल फिनॉल मोजायच्या फोलिन चाचणीला फक्त फिनॉल दिसत नाही. व्हिटॅमिन सी आणि साखरही त्यात थोडी भर घालतात. म्हणून नुसत्या फोलिनवर ८० अंश ठरवू नका. आधी ठरवा, तुम्हाला रंग हवा आहे की एकूण फिनॉल. दोन्ही हवे असतील तर बॉक्स-बेन्केनमध्ये (प्रयोगांची आखणी करायची पद्धत) दोन रिस्पॉन्स, म्हणजे मोजायचे निकाल, द्या आणि डिझायरेबिलिटीनं, म्हणजे दोन्हींचा मेळ घालून, मधला बिंदू काढा. तो रेंजच्या अगदी कडेला आला तर रेंजच चुकली समजा. आलेल्या बिंदूवर तीनदा प्रत्यक्ष काढून बघा, सॉफ्टवेअरचा आकडा तसाच छापू नका.

आता पाण्याचं. गरात सुमारे ८४ टक्के पाणी असतं. १० ग्रॅम गराला ७० टक्क्यांचं १०० मिली घातलं तर इथेनॉल प्रत्यक्षात ६५ च्या आसपास उरतं. तेच २० मिली घातलं तर ४९! म्हणजे प्रमाण बदललं की सॉल्व्हंटही बदलतं, आणि आलेख बघून आपण भलताच निष्कर्ष काढतो. गर वाळवून घ्या, नाहीतर हे पाणी हिशोबात धरा.

आणखी एक. पेपरात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते २५ अंशांचं. आपल्याकडं पाऊस पडायच्या आधी लॅबमध्ये ४० असतं. थर्मामीटरचा आकडाच लिहा.

परभणीची_फूडटेक:
पाण्याचा हिशोब कोणीच सांगितला नव्हता, दादा. डीपीपीएच चाचणीत (अँटिऑक्सिडंट क्रिया मोजायची) गडद काढ्याचे आकडे उलटसुलट येतात, तेही यामुळंच का?

बालाघाटी:
नाही, ते रंगामुळं. डीपीपीएच ५१७ नॅनोमीटरवर मोजतो आणि जांभळाचा रंगही तिथंच शोषतो. त्यामुळं क्रिया कमी दिसते. प्रत्येक नमुन्याला वेगळा ब्लँक लावा: तोच काढा, तेवढंच इथेनॉल, डीपीपीएच नाही. तो आकडा वजा करा. अँथोसायनिनला पीएच १.० आणि ४.५ ची पद्धतच बरी. दोन्ही पीएचला ५२० आणि ७०० नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं आणि फरक काढायचा. उष्णतेनं झालेला तपकिरी रंग पीएचनं फारसा बदलत नाही, म्हणून तो वजाबाकीत निघून जातो.

बाटल्यांना फॉइल गुंडाळा. इथेनॉल उडवताना बाथ ४० च्या वर नको.

गोदाकाठ:
बिया काय करायच्या?

बालाघाटी:
टाकू नका. त्यात गॅलिक, एलॅजिक ॲसिड आणि टॅनिन आहेत, रंग जवळपास नाही. म्हणजे उष्णतेची तेवढी भीती नाही. पण त्याचा ऑप्टिमम वेगळा काढा, गरात मिसळू नका.