प्रतिसाद: मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि लेन्सची अदलाबदल

'मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, त्यात काय चुकणार?' हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. वेळ कमी, रांग मोठी, म्हणूनच घोळ होतात. पेशंटच्या यादीतला क्रम ऐनवेळी बदलला की एकासाठी ठरवलेली कृत्रिम लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ शकते! लेन्सचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी मोजतात, त्यात १ मिमीची चूक झाली तरी नंबर साधारण अडीचने हुकतो.

असे घोळ टाळायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनच्या वेळी तपासायची १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी २००८ पासून आहे. आईच्या वेळी नर्सने 'उजवा डोळा ना?' असं न विचारता 'कोणता डोळा?' असं विचारलं. घाबरलेला पेशंट पहिल्या प्रश्नाला नुसती मान डोलावतो. मग भुवईवर पेनाने बाण काढला, आणि लेन्सच्या खोक्यावरचा नंबर डॉक्टरांनी केसपेपरशी मोठ्याने वाचून ताडला.