मुलांवर उपचार करायचे तर वेगळं शिकायलाच हवं
'औषधं नैसर्गिक आहेत, मग पूरक उपचार (होमिओपॅथी, अ‍ॅक्युपंक्चर वगैरे) करणाऱ्यांना मुलांसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?' हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. तान्ह्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं पुरती पक्व झालेली नसतात, त्यामुळे मोठ्यांच्या मात्रेचा चौथा हिस्सा दिला की झालं, असा हिशेब चालत नाही. मधच घ्या, १ वर्षाखालच्या बाळाला त्यातून बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

पण मात्रेहूनही मोलाचं म्हणजे धोक्याची लक्षणं ओळखणं. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर लगेच रुग्णालय गाठायचं, थांबून बघायचं नाही. दूध न ओढणं, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत खेचली जाणं, लघवी कमी होणं, हे नुसतं वाचून नजरेला कळत नाही. बालरोग विभागात अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजारी मुलं पाहावी लागतात (आणि सुदृढ मुलंही, नाहीतर फरक कसा कळणार?). अ‍ॅक्युपंक्चर असो वा होमिओपॅथी, 'बाळाला आत्ताच बालरोगतज्ज्ञांकडे न्या' हे पालकांना कधी आणि कसं सांगायचं, याची परीक्षा झालीच पाहिजे.