चिठ्ठी दिली, पण कुटुंब तिथपर्यंत पोहोचत नाही: काय करावे?

दिघा_बालवाडी
नमस्कार. नवी मुंबईतील दिघ्यात इलठणपाड्याच्या बाजूला एका मंडळाच्या बालवाडीत मी शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले नाका कामगारांची, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्यांची आहेत. पालक जालना, परभणी, यवतमाळकडून आलेले असून पेरणीच्या दिवसांत गावी जातात आणि नंतर परततात. एखाद्या मुलाला तपासणीची, आहाराची किंवा दाखल्याची गरज दिसली की आम्ही आईच्या हातात पत्ता लिहिलेली चिठ्ठी देतो आणि आपले काम झाले असे समजतो.

सध्या एक तीन वर्षांचा मुलगा आहे. तो ‘आई’ आणि ‘पानी’ या दोन शब्दांपलीकडे बोलत नाही आणि हाक मारल्यावर कधी वळतो, कधी वळत नाही. त्याच्या आईला आम्ही महापालिकेच्या वाशीतील ईटीसी केंद्राची (अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) चिठ्ठी दिली. ती बिचारी निघालीही, पण दिघा गाव स्थानकावरून पनवेलच्या गाडीत बसली. ती गाडी तुर्भ्यावरून वाशीला न जाता जुईनगरकडे वळते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. नेरूळला उतरून ती घरी परतली, त्या दिवसाचा खाडा पडला आणि आता नवरा पुन्हा पाठवायला तयार नाही. चिठ्ठी मुलाच्या दप्तरात डब्याखाली घडी करून ठेवलेली सापडली. अशा कुटुंबांना सेवेपर्यंत पोहोचवण्याची पद्धत कशी असावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मुख्यसेविका_निवृत्त
ताई, आपली चिठ्ठी कोणाच्या नावाने होती? मी अनेक वर्षे नागरी प्रकल्पातील अंगणवाड्यांचे पर्यवेक्षण केले आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 1975 साली सुरू झाली तेव्हापासून संदर्भ सेवा, म्हणजे गरज असलेल्या मुलाला योग्य रुग्णालयात किंवा केंद्रात पाठवणे, ही तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. तरीही आहार आणि लसीकरण जेवढे नीट चालते तेवढे हे काम चालत नाही, कारण पाठवणारा पाठवून मोकळा होतो आणि ज्याच्याकडे पाठवले त्याला कोणी येणार आहे याचा पत्ताच नसतो.

माझे म्हणणे एवढेच की, समोरच्या माणसाशी फोनवर बोलणे झाल्याशिवाय चिठ्ठी देऊ नये. आईसमोरच फोन लावावा, कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोणाला भेटायचे हे तिच्या कानावर पडू द्यावे आणि पहिल्या खेपेला शक्य असेल तर कोणीतरी सोबत जावे. सोबत जाणारी व्यक्ती शिक्षिकाच असली पाहिजे असे नाही. त्याच चाळीतली, आधी तिथे जाऊन आलेली बाई अधिक उपयोगी पडते, कारण गाडी कोणती आणि रांग कुठे हे तिला पाठ असते.

दुसरे असे की, एकाच वेळी चार ठिकाणांचे पत्ते देऊ नयेत. मूल अंगणवाडीत नोंदलेले नसेल तर आधी तिथे नेऊन नाव घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार आणि त्यापुढच्यांना सहा वर्षांपर्यंत गरम आहार मिळतो. कुटुंब गावी गेले तरी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवरची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे हलवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. आपल्या मंडळाची बालवाडी म्हणजे अंगणवाडी नव्हे, त्यामुळे तिथल्या मुलांची गाठ या पथकाशी आपोआप पडेल असे गृहीत धरू नका.

वाचा_उपचार
मी वाचा-श्रवण क्षेत्रात काम करते. तीन वर्षांचे मूल बोलत नाही असे कळले की आमचा पहिला प्रश्न कानांचा असतो. कधी वळतो आणि कधी वळत नाही, यामागे कमी ऐकू येणे असू शकते किंवा दुसरे काही कारणही असू शकते. म्हणून ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आधी महापालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. सविस्तर तपासणी लागली तर वांद्रे रिक्लेमेशनला वाचा-श्रवणाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण या आईला पहिल्याच वेळी तेवढ्या लांब पाठवू नये.

चिठ्ठीत काय लिहावे याबद्दल थोडे सांगते, कारण आमच्यापर्यंत येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘मतिमंद वाटते’ किंवा ‘ऑटिझम?’ एवढेच असते. कृपया निदान लिहू नये. जे डोळ्यांनी दिसले ते लिहावे: पाठीमागून टाळी वाजवली तर वळतो का, बोट दाखवून वस्तू मागतो का, ‘चप्पल आण’ एवढे खूण न करता सांगितले तर आणतो का, जन्मानंतर लगेच रडला होता का. आपण लिहिलेल्या अशा चार ओळी तपासणाऱ्याचा अर्धा तास वाचवतात. शिवाय घरी कोणी ती चिठ्ठी वाचून दाखवली, तर आईच्या जिव्हारी लागेल असे त्यात काही नसते. माता-बाल संरक्षण कार्ड (गरोदरपण, लसीकरण आणि वाढीच्या नोंदींचे) असल्यास सोबत द्यावे. नसल्यास त्यापायी जाणे लांबवू नये.

कळवेकर
आमच्या गटात सर्व सेवांचे पत्ते असलेली पीडीएफ फिरते. ती पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिली तर एवढा खटाटोप लागणार नाही.

मुख्यसेविका_निवृत्त
@कळवेकर, यादी आपल्यासाठी उपयोगी आहे, त्या आईसाठी नाही. तशा यादीतले निम्मे फोन लागत नाहीत हेही मी अनुभवाने सांगते.

बालहक्क_ठाणे
वरच्या सूचनांशी मी सहमत आहे. त्यात संमतीचा मुद्दा जोडावासा वाटतो. मुलाची माहिती दुसऱ्या ठिकाणी देण्याआधी कोणाला, काय आणि कशासाठी सांगणार हे पालकांना सांगून त्यांचा होकार घ्यावा. नाव नोंदले की खोली खाली करायला लावतील किंवा मूल काढून नेतील, अशी भीती वस्तीत असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. ‘नवरा पाठवत नाही’ यामागे खाड्याबरोबर हेही असू शकते, तेव्हा त्याच्याशी एकदा थेट बोलावे. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे संमतीची वाट पाहायची नसते. मूल संकटात असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

जाता जाता एक गोष्ट. विधवा किंवा परित्यक्ता आई एकटीने मूल वाढवत असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे बालसंगोपन योजनेची चौकशी अवश्य करावी; महिना 2,250 रुपये मिळतात. पैशांअभावी मुले गावी आजीकडे पाठवून दिली जातात, त्यांपैकी काही तरी इथे आईजवळ राहू शकतील.

दिघा_बालवाडी
सर्वांचे आभार. आज दुपारी आईला बसवून तिच्यासमोर केंद्राला फोन लावला आणि मुलाचे नाव व भेटीचा दिवस नोंदवून घेतला. त्याआधी ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात कान दाखवून घेऊ. नाक्यावर माणसे सकाळीच उचलली जातात, म्हणून वडिलांना रात्री घरी जाऊन भेटणार आहे. शेजारच्या गल्लीतील एक बाई आपल्या मुलीला घेऊन नियमित वाशीला जाते, ती सोबत यायला तयार झाली. गेल्या वर्षभरात दिलेल्या चिठ्ठ्यांची नोंदवही काढली आहे. दिल्याची तारीख प्रत्येकीपुढे आहे, पुढे काय झाले याचा रकाना नाही. तो आखून घेतला. वाचा_उपचार ताई, टाळीचा प्रयोग मुलाच्या किती मागे उभे राहून करावा?

वाचा_उपचार
हातभर अंतरावरून, बाजूला आणि किंचित मागे, त्याच्या नजरेच्या बाहेर राहून. आपली सावली पुढे पडणार नाही आणि टाळीचा वारा मानेला लागणार नाही, एवढे पाहावे. नाहीतर मूल आवाजाने नव्हे, त्यानेच वळते. दोन्ही बाजूंनी वेगवेगळे करून पाहावे आणि जे दिसेल ते तसेच चिठ्ठीत लिहावे.