फटींतून उजेड डोळ्यांत, अक्षरं मात्र अंधुक: प्लेट काळी रंगवू का?

रातपाळी_टंकक: ८७ कीचा हॉट-स्वॅप (स्विच सोल्डर न काढता उपसता येतात असा) मेकॅनिकल कीबोर्ड आहे. स्विच ज्यात बसतात ती प्लेट चंदेरी ॲल्युमिनियमची, स्विचचं वरचं कव्हर पारदर्शक, कीकॅप शाइन-थ्रू (अक्षरातून उजेड येणाऱ्या), एकरंगी पांढरा बॅकलाइट. केस फ्लोटिंग, म्हणजे कडेला भिंत नाही. खोलीतला दिवा मालवला की ओळींमधल्या फटी झगझगतात. अक्षरं दिसावीत म्हणून ब्राइटनेस वाढवला तर फटी आणखीच डोळ्यांत खुपतात. प्लेट काळी रंगवावी का? शिवाय इनस्क्रिप्टचे (मराठी टायपिंगच्या कीरचनेचे) स्टिकर लावायचेत, त्यांतून उजेड येईल का?

कीकॅप_पारखी: रंगाचा डबा राहू द्या. आधी एक कीकॅप काढून एलईडी स्विचच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. स्क्रीनकडे असेल तर नॉर्थ-फेसिंग, तुमच्याकडे असेल तर साउथ-फेसिंग. बहुतेक शाइन-थ्रू कॅपवर अक्षर वरच्या अर्ध्या भागात असतं. साउथ बोर्डावर ते एलईडीपासून लांब पडतं, म्हणून अंधुक दिसतं, आणि मग आपण ब्राइटनेस वाढवत बसतो. तुमची लक्षणं तीच दिसतात. तसं असेल तर खरा उपाय फ्रंट-प्रिंट शाइन-थ्रू कॅप: अक्षर आपल्याकडच्या उभ्या बाजूवर, एलईडीच्या अगदी समोर. त्या लावल्या की ब्राइटनेस बराच उतरवता येतो, आणि फटी आपोआप शांत होतात.

काळ्या प्लेटचा फायदा होईल का, तेही फुकटात कळतं. काळ्या कागदाला स्विचएवढं भोक पाडून तो एका स्विचभोवती प्लेटवर ठेवा, कॅप परत बसवा, शेजारच्या कीशी ताडून बघा. फटीत फरक पडला तर उजेड प्लेटवरून उसळतोय. नाही पडला तर तो पारदर्शक कव्हरमधून आडवा निघतोय. तिथे रंगाचा उपयोग नाही, काळ्या कव्हरचे स्विच लागतील.

सोल्डर_आणि_चहा: कागदाने फरक पडला तरी रंगवू नका. स्विचचं भोक १४ मिमी चौरस असतं. कडेला रंगाचा थर चढला की स्विच घट्ट बसतात, काढताना रंगाचे पोपडे निघतात. काळा मॅट व्हिनाइल (चिकट प्लास्टिकचा पातळ कागद) पुरे. दोन कींच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिमी, स्विचची वरची कड साधारण १५.६ मिमी, म्हणजे मध्ये जेमतेम साडेतीन मिमी प्लेट उघडी राहते. ३ मिमी रुंद पट्ट्या कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लेट पुसा, चिमट्याने चिकटवा. स्विच काढायची गरज नाही. पट्टी स्विचच्या कडेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर नंतर स्विच काढला की परत सपाट बसणार नाही. स्टॅबिलायझरजवळ (स्पेसबारसारख्या लांब की सरळ दाबल्या जाव्यात म्हणून असलेल्या आधाराजवळ) ग्रीस असतं, तिथे पट्टी सुटते. तेवढी जागा सोडा. ग्लॉसी व्हिनाइल घेऊ नका, तोही चमकतो.

अक्षरं थोडी मंद होतील हे धरून चला, कारण प्लेटवरून उसळणारा उजेड काही प्रमाणात कॅपच्या आतही जात असतो.

मराठी_टायपिंग: स्टिकरबद्दल. अपारदर्शक स्टिकर लावला तर मूळ अक्षरच झाकलं जाईल. 'बॅकलिट' म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक अक्षराचे मिळतात, पण खालची कॅप फक्त तिच्या अक्षराच्या आकारातूनच उजेड सोडते. इंग्रजी K आणि मराठी क एकावर एक आले की जिथे दोन्ही जुळतात तेवढाच तुकडा उजळतो, वाचता काहीच येत नाही. लॅपटॉपलाही हेच लागू. त्यापेक्षा पारदर्शक पार्श्वभूमीवर खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटं पिवळं अक्षर असलेले घ्या. ते उजळणार नाही, पण मूळ अक्षर मोकळं राहील. तसंही इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे बोटांना लवकर सवय होते.

रातपाळी_टंकक: साउथच निघाला. कागदाने फरक स्पष्ट दिसतो, पण स्पेसबारखालून येणारा झोत तसाच आहे.

सोल्डर_आणि_चहा: फ्लोटिंग केसमध्ये स्पेसबारच्या पुढे अडवायला काही नसतं, आणि साउथ एलईडीचं तोंड थेट तुमच्याकडे. प्रत्येक की वेगळी मंद करता येत असेल तर तो एलईडी सॉफ्टवेअरमधून बंद करा. तुमच्या एकरंगी बोर्डावर बहुधा ती सोय नसेल. मग केबल काढा, स्पेसबारचा स्विच सरळ वर उपसा, सर्किट बोर्डावरच्या एलईडीवर काळ्या ॲसिटेट टेपचा छोटा तुकडा लावा आणि स्विच परत बसवा. पिन वाकल्या नाहीत ना ते आधी बघा. कॅप्टॉन (Kapton) ही सोनेरी उष्णतारोधक टेप चालणार नाही, त्यातून पिवळसर उजेड येतो. वायरिंगची काळी टेपही नको, तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो.