मदत हवी आहे: पडद्यावर सगळं समजतं, वहीत उतरत नाही! डिजिटल साधनं वर्गात नेमकी कशी वापरता?

फळा_डस्टर

नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. वर्गात मोठा टचस्क्रीन पॅनेल आहे, माझ्यासाठी लॅपटॉप आहे आणि मागून घेतले तर टॅब्लेट मिळतात, पण चार-पाच मुलांत एक एवढेच. मुलांकडे वर्गात मोबाइल नसतात. ते असावेत की नसावेत हा वाद इथे नको, त्यावर आधीच पुष्कळ धागे आहेत.

साधनं चालवता येतात मला. गाडं अडतं ते त्याच्या पुढे. विद्युत परिपथ शिकवताना फेटचं सिम्युलेशन लावलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा कोलोरॅडो विद्यापीठाचा २००२ साली सुरू झालेला प्रकल्प आहे. विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स फुकट मिळतात, मराठीतही आहेत.) घट जोडला, तारा जोडल्या, दोन सारखे बल्ब एकसर (एकामागे एक, एकाच वाटेवर) लावले. निळे ठिपके पळायला लागल्यावर वर्ग खूश. "कळलं का?" तर "होऽऽ". दुसऱ्या दिवशी तोच परिपथ कागदावर काढून विचारलं, कोणता बल्ब जास्त उजळेल? निम्म्याहून जास्त मुलांनी "पहिला" लिहिलं. का, तर "पहिला बल्ब थोडी वीज खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते". दोन्ही बल्ब सारखेच उजळलेले याच मुलांनी आदल्या दिवशी पाहिले होते!

गणितात थोडंफार असंच. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात पण बेरीज १८० अंशच राहते, हे पाहून मुलं टाळ्या वाजवतात. मग "का राहते?" विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये दिसलं ना बाई".

कहूटवर प्रश्नमंजूषा घेतली की आरडाओरडा जोरात, आणि जिंकणारी मुलं तीच ती.

आता विचारायचं आहे ते असं:

१. सिम्युलेशन दाखवण्याच्या आधी आणि नंतर तुम्ही काय करता? "नंतर चर्चा घ्या" एवढंच नका सांगू, नेमका प्रश्न कोणता विचारता ते सांगा.
२. मुलांच्या हातात काही नसताना सगळ्या वर्गाची उत्तरं एकदम कशी मिळवायची? हात वर करणारे सहा जण मला पाठ झालेत.
३. चार जणांत एक टॅब्लेट दिला की एकच मूल तो धरून बसतं. यावर काही उपाय?

"अमुक ॲप मस्त आहे" छापाचे प्रतिसाद शक्यतो नकोत. ॲप्स भरपूर आहेत माझ्याकडे.

प्रयोगवही

तुमच्या पहिल्या प्रश्नाला जुनं आणि चांगलं उत्तर आहे: भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण. विज्ञानशिक्षणात ही पद्धत व्हाइट आणि गनस्टोन यांच्या नावाने ओळखली जाते, नव्वदच्या दशकापासून रुळलेली आहे. यातला भाकिताचा भाग सगळे जण घाईत उडवून लावतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

मी असं करतो. परिपथ पूर्ण जोडतो, पण स्विच उघडा ठेवतो. पॅनेल गोठवतो. मुलांनी वहीत लिहायचं: कोणता बल्ब जास्त उजळेल, की दोन्ही सारखे? आणि एका वाक्यात कारण. पेनाने लिहायचं, खोडायचं नाही. लिहिल्याशिवाय स्विच दाबत नाही, कितीही गलका झाला तरी. तोंडी भाकिताचा उपयोग नाही, कारण उत्तर दिसल्यावर प्रत्येकाला "मी हेच म्हणत होतो" वाटतं आणि ते खोटंही बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. वहीत लिहिलेलं मात्र पुसता येत नाही.

स्विच दाबल्यावर लगेच समजावून सांगू नका. "तुमचं कारण खरं असतं तर काय दिसायला हवं होतं?" एवढंच विचारा. वीज खाल्ली जात असेल तर बल्बच्या आधी आणि नंतर अमीटर (विद्युतधारा मोजायचं साधन) लावून वेगवेगळे आकडे यायला हवेत. ते लावायला मुलांनाच बोलवा. आकडा दोन्हीकडे सारखा आला की वर्ग जो शांत होतो, त्या वेळी शिकवायला सुरुवात करावी.

आणखी एक. ते निळे ठिपके. घटातून निघून तारेत शिरतात असं बऱ्याच मुलांना वाटतं. स्विच दाबण्याआधीच ते तारेत सगळीकडे भरलेले आहेत, इकडे त्यांचं लक्ष वेधा. "मग बल्ब लगेच कसा लागतो?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

टंगळमंगळ

विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

दोन बल्ब, दोन सेल, चार तारा. एवढ्यासाठी सिम्युलेशन कशाला? खरं जोडा ना. अणू, ग्रहांच्या कक्षा, डोळ्यांना न दिसणारी विद्युतधारा यासाठी सिम्युलेशन समजू शकतो. बल्ब तर समोर लागतो!

दुसरं म्हणजे "मुलांना स्वतः शोधू द्या" या नव्या पद्धतीचं फार कौतुक चालतं. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा २००६चा गाजलेला लेख आहे, नवशिक्यांना मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर स्मरणशक्तीवर नुसता ताण येतो आणि शिकणं कमी होतं, असा त्यांचा युक्तिवाद. त्या लेखावर टीकाही झाली, पण आठवीचं मूल ओहमचा नियम आपला आपण शोधून काढेल ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

प्रयोगवही

@टंगळमंगळ, दुसरा मुद्दा मान्य. म्हणूनच मी भाकीत म्हणालो, शोध नाही म्हणालो. प्रश्न शिक्षक ठरवतो, परिपथ शिक्षक जोडतो.

पहिल्या मुद्द्यात गंमत आहे. खरे बल्ब तंतोतंत सारखे नसतात. एकसर जोडले की कधी कधी एक खरंच जास्त उजळतो, आणि तो घटाजवळचा निघाला तर संपलंच, मुलांचा गैरसमज प्रयोगानेच पक्का होतो. त्यावर उपाय सोपा आहे: दोन्ही बल्बांची जागा बदला. जास्त उजेड बल्बबरोबर दुसऱ्या जागी गेला तर दोष बल्बाचा. उजेड जागेवरच राहिला तर "पहिला वीज खातो" म्हणणाऱ्यांचं बरोबर. तो कधीच जागेवर राहत नाही.

मी तरी आधी खरे बल्ब, मग सिम्युलेशन असा क्रम ठेवतो. सिम्युलेशनमध्ये बल्ब आदर्श असतात, आणि तारेच्या आत काय चाललंय ते दिसतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

मागचा_बाक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्लिकर्स. (हो, ॲप नको म्हणालात, पण हे मुलांना वापरावंच लागत नाही.)

प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड. त्यावर काळ्या चौकटींची आकृती, प्रत्येकाची वेगळी. चार बाजू म्हणजे चार पर्याय. जो पर्याय हवा ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही तुमचा मोबाइल वर्गावरून फिरवायचा, कॅमेरा कार्डं वाचतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. पर्यायाची अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग होत नाही. दोन सूचना: चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला वाचता येत नाही. आणि बोटं आकृतीवर येऊ देऊ नका, कडेला धरायला शिकवा.

पण कार्ड हे नुसतं भांडं आहे, आत काय घालता ते महत्त्वाचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची गोष्ट तुमच्याशी तंतोतंत जुळते. त्यांचे विद्यार्थी परिपथाची अवघड आकडेमोड बिनचूक करायचे आणि "स्विच दाबून परिपथ पूर्ण केला तर कोणता बल्ब जास्त उजळेल" अशा साध्या प्रश्नाला चुकायचे. हार्वर्डची मुलं! म्हणजे तुमची आठवी चांगल्या पंगतीत आहे. त्यातून १९९१च्या सुमारास त्यांनी सहाध्यायी शिक्षणाची पद्धत बसवली: प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा उत्तर द्या. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर पटवणारंच कोणी नाही, पुन्हा शिकवा. जास्त असतील तर पुढे चला.

पहिल्या फेरीचा निकाल पॅनेलवर दाखवू नका. बहुमत दिसलं की मुलं तिकडे सरकतात आणि विचार थांबतो.

काटकोन

जिओजेब्राबद्दल एक खोडी सुचवते. कोनांची मापं पूर्णांकात दाखवायची सेटिंग करा, म्हणजे दशांश शून्य. आता शिरोबिंदू ओढत राहा. कधीतरी तीन आकड्यांची बेरीज १७९ किंवा १८१ येईल, कारण प्रत्येक माप वेगळं पूर्णांकात आणलेलं असतं. "कॉम्प्युटरमध्ये दिसलं ना बाई" म्हणणाऱ्या मुलाला विचारा, आता काय म्हणतोस?

इथून सिद्धतेची गरज आपोआप उभी राहते. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, व्युत्क्रम कोन ओळखायचे, झालं. ही रेषा मात्र पॅनेलवर नाही, वहीत पट्टीने काढून घ्या.

कहूटबद्दल: वेळ वाढवा आणि गुण बंद करा, दोन्हीची सोय आहे त्यात. वेगाला गुण मिळतात म्हणून तीच ती मुलं जिंकतात. संगीतही बंद करा, तुमच्या डोक्यासाठी.

बाकावरची_आई

शिक्षक नाही, पालक आहे, तरी विचारते. उलटा वर्ग म्हणतात तसं का नाही करत? व्हिडिओ घरी बघायचे आणि वर्गात फक्त सराव.

फळा_डस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या लवकर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@बाकावरची_आई, ताई, तो विचार करून झालाय. ज्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, बर्गमन आणि सॅम्स यांनी, २००७मध्ये कोलोरॅडोत हे सुरू केलं, त्यांनी आधी व्हिडिओ केले ते तास बुडलेल्या मुलांसाठी. तेवढ्यापुरतं मीही करते. पण सगळ्यांनी घरी बघून यायचं ठरवलं की ज्यांच्या घरी मोबाइल आईवडिलांबरोबर कामाला जातो ती मुलं तास सुरू व्हायच्या आधीच मागे पडतात. ते मला नकोय.

@टंगळमंगळ सर, राग कसला, सेल आणि बल्ब कपाटातून काढून ठेवलेत. @काटकोन, १८१ अंशाचा त्रिकोण मी येत्या तासालाच करणार!

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र कोणी बोललं नाही. आणि एक नवा: प्रत्येक घटकाला भाकीत, चर्चा, पुन्हा उत्तर असं करत बसले तर अभ्यासक्रम कधी संपणार?

मागचा_बाक

टॅब्लेटसाठी आमच्याकडे एकच नियम आहे: ज्याच्या हातात टॅब्लेट, त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. बाकीचे सांगतील तेच दाबायचं. प्रोग्रॅमिंगमध्ये दोघे मिळून कोड लिहितात तेव्हा काही जण असंच करतात. हुशार मुलाची फार चिडचिड होते, पण त्याला सांगावं लागतं आणि इतरांना बोलावं लागतं. दर प्रश्नाला टॅब्लेट पुढच्याकडे. एका गटाला एकच उत्तरपत्रिका द्या, आणि उत्तर कोण सांगणार ते तुम्ही ऐन वेळी ठरवा.

प्रयोगवही

प्रत्येक घटकाला नाहीच करायचं. जिथे मुलं आधीच काहीतरी ठाम चुकीचं मानून येतात, तिथेच हा वेळ घालवायचा: विद्युतधारा बल्बमध्ये वापरून संपते, जड वस्तू आधी पडते, ऋतू सूर्यापासूनच्या अंतराने बदलतात, वनस्पती आपलं वजन मातीतून घेतात, छेद मोठा तर अपूर्णांक मोठा. पेशीच्या भागांची नावं शिकवायला भाकीत कशाला? तिथे आकृती काढा, झाकून पुन्हा काढायला लावा, पुढे चला. तिथे वाचलेला वेळ इकडे वापरा.

तुमच्या परिपथाच्या धड्यात असा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्हाला सापडलेलाच आहे. पुढच्या वेळी तिसरा बल्ब समांतर जोडा आणि आधीच्या दोघांचं काय होईल ते लिहून घ्या. मुलांनी काय लिहिलं ते इथे नक्की टाका, मला माझ्या वर्गाशी ताडून बघायचंय.