मे महिन्यात कोल्हापूरहून मालवण, एका दिवसात जमेल का?

प्रेषक: डॅलसवाली

मंडळी, नमस्कार.

धाकट्या भावाचं लग्न २४ मेला, म्हणून मुलांची शाळा बुडवून १२ तारखेला कोल्हापुरात पोचतेय. मुलं ९ आणि १२ वर्षांची. त्यांचं एकच पालुपद चाललंय, समुद्र! आईला परक्या ठिकाणी झोप लागत नाही, त्यामुळे मुक्काम नको. बेत असा: सकाळी मिसळ खाऊन आठला निघायचं, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, जमलं तर वेंगुर्ला, आणि रात्री घरी. लग्न उरकल्यावर निवांत जावं म्हणतेय. कुणी केलंय का असं?

प्रेषक: रंकाळ्याचे काका (सध्या मुक्काम कोल्हापूर)

ताई, वेंगुर्ला आत्ताच खोडा. आणि मिसळसुद्धा.

गेल्या वर्षी आम्ही हाच उद्योग केला. मिसळीच्या रांगेत पाऊण तास, मग कट वाढवून घेतला, निघेपर्यंत सव्वानऊ. मालवणात दीड वाजला. धाकट्या नातवानं समुद्र बघितला, चपला गाडीतच टाकल्या आणि सुटला. निम्म्या वाळूत जाऊन थांबला. पुढं जाववेना, मागं येववेना, एका पायावर उभा राहून नुसता बोंबलतोय. त्याला उचलून आणायला मीही तसाच अनवाणी धावलो. मग दोघंही तळपायाला बर्फ लावून खानावळीत पंख्याखाली. समुद्र बघितला तो खिडकीतून.

तुमच्याकडं मात्र जेटलॅगचं भांडवल आहे. अमेरिकेहून आलेली पोरं पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनला टक्क जागी असतात. घरात दंगा घालण्यापेक्षा गाडीत घाला आणि चारला निघा. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं १५० किलोमीटरच्या आसपास पडतं, थांबत थांबत चार तास. दाजीपूरच्या जंगलात उजाडतं. गवा दिसेल असं पोरांना कबूल करू नका, मला इतक्या वर्षांत रस्त्यावरून दोनदाच दिसलाय. घाट उतरल्यावर काच खाली केलीत की कळेल, हवा एकदम चिकट. आईंना गाडी लागत असेल तर पुढं बसवा.

आठला मालवण. सरळ धक्क्यावर जा आणि पहिली होडी धरा. किल्ल्यात सावली बेताची, दहानंतर तट तापतो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. पोरांना दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव दाखवा. चहूकडं खारं पाणी आणि विहिरीत गोडं, याचं त्यांना खरं नवल वाटतं. महाराजांचे म्हणून सांगतात ते चुन्यातले हातापायाचे ठसेही बघा. शिवराजेश्वराच्या देवळाला सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधला, तेव्हा कोल्हापूरकरानं तिथं जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही.

तारकर्ली ७ किलोमीटरवरच आहे, पण दोन्हीचा हट्ट धराल तर दोन्ही पळता पळता होतील. बाराला जेवण, मग डुलकी, ऊन कललं की तासभर पाण्यात पाय. साडेचारला गाडी हलवा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. राधानगरीच्या अलीकडं वळीव गाठलाच तर एखाद्या चहाच्या टपरीवर थांबा, घाई करू नका.

प्रेषक: मालवणची माहेरवाशीण

काका, महत्त्वाचं तेच राहिलं! किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यातच बंद होतात. ताई, लग्न २४ ला आणि तुम्ही नंतर जाणार, म्हणजे किल्ला काठावरूनच बघाल. आल्या आल्या जा. मेच्या उत्तरार्धात समुद्रही खवळायला लागतो, तेव्हा मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका, पोहता येत असलं तरी.

आणि आठला पोचताच आहात, तर होडीत बसण्याआधी चिवल्याच्या किनाऱ्यावर डोकावा. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर थांबाच. दोन्हीकडून माणसं कंबरेतून मागे रेलून दोर ओढत असतात. मुलांनी दोराला हात लावला तर सहसा कुणी नको म्हणत नाही. जाळ्याचं टोक वाळूवर आलं की आधी तडतड ऐकू येते, मग चांदी दिसते. पेडवे, तारल्या, एखादी मोरी. माझ्या भाचीच्या ओंजळीत एका मावशीनं जिवंत पेडवा ठेवला होता. तिनं किंचाळून तो टाकला आणि लगेच दुसरा मागितला. पावसाळा लागला की मग हे काही सहसा दिसायचं नाही.

जेवायला सुरमईच्या मागे लागू नका, बांगडा घ्या. ताजा असतो आणि खिशालाही बरा. काकांसारखं मालवणात बसून तांबडा रस्सा मात्र मागू नका, आम्हांला राग येतो.

प्रेषक: रंकाळ्याचे काका

एकदाच मागितला होता. आणि तो पांढरा होता.

प्रेषक: डॅलसवाली

काका, ताई, फार उपकार झाले. १४ तारीख ठरली. वेंगुर्ला आणि तारकर्ली दोन्ही खोडलं.

आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. चारला निघायचं तर साडेतीनला चहा झालाच पाहिजे आणि भडंगाचा डबा रात्रीच भरायचा, एवढं तिनं लगेच ठरवूनही टाकलं. दाजीपूरला गवा दिसला तर काच खाली करायची नाही, हेही. काळजी एकच लागलीय तिला, दहा दिवसांवर हळद. म्हणाली, "रापण बघायला जा गं, पण रापून येऊ नकोस."